काकडा, कल्हई आणि खापर

स्टोव्ह पेटवता येणं ही आमच्या लहानपणी एक इयत्ताच होती. वातीचा नव्हे, तो कोणालाही पेटायचा. मी म्हणतेय तो पितळी टाकीचा, पंप मारायचा, फर्रर्र करत घर जागं करणारा स्टोव्ह. काकडा स्पिरिटमध्ये बुडवायचा, बर्नरखाली अडकवायचा, पेटवायचा आणि मग वाट बघायची. घाई करून पंप मारला तर रॉकेलची वाफ व्हायच्या आधी रॉकेलच वर यायचं आणि पिवळा भडका छताकडे निघायचा. उशीर केला तर काकडा विझायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आणि पिन! निपलच्या भोकात काजळी बसली की पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती केसाएवढी तार सरळ रेषेत घालायची, सरळच काढायची. आत तुटली, तर त्या दिवशीचा चहा शेजारी.

आम्ही कराडच्या शाळेतले जुने सोबती पुण्यात अधूनमधून जमतो, बहुतेक शैलाकडे, कारण तिच्याकडे लिफ्ट आहे. गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी अर्ध्या तासात ‘आता कोणाला येतं गं हे’ या मुक्कामाला पोचतात. परवा दत्ताने स्टोव्ह काढला. त्याने तोंडाने पंप मारून दाखवला, काकड्याची निळी ज्योत हातांनी दाखवली, सगळे खूश. शैला तेवढी हसली नाही. ती नोकरीभर सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यातली बरीच वर्षं जळीत वॉर्डात.

‘तुम्हाला तो आवाज ऐकला की चहा आठवतो,’ ती म्हणाली. ‘मला पेपरातली ओळ आठवते. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. सासूच्या हातात कधी भडकला नाही मेला.’

कोणी काही बोललं नाही. त्या काळात अशा बातम्या इतक्या यायच्या, की शेवटी 1983 साली सासरच्या छळाविरुद्धचं 498 अ आणि 1986 साली हुंडाबळीचं 304 ब कलम आणावं लागलं. स्टोव्ह गेला त्याचं मला तरी सुतक नाही. पिन मारता येते याचा अभिमान आहे, तो असू दे.

मंगलने विषय कल्हईवर नेला. तिचं असंच असतं, गाडी अडली की ती रूळ बदलते. कल्हईवाला वाड्याच्या दारात खड्डा करायचा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. आम्ही पोरं भाता ओढायला भांडायचो. भांडं लालसर तापलं की तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, आणि त्याच क्षणी कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने असा गरकन हात फिरवायचा, की पितळेच्या पातेल्याच्या पोटात चांदणं पसरायचं. मग पाण्यात चर्रर्र. कथिल 232 अंशाला वितळतं हे आम्ही नंतर शाळेत शिकलो. त्याला धुरावरून कळायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की कळकायची, हिरवट व्हायची, आणि घरात कोणाचा तरी उद्धार व्हायचा. सहसा थोरल्या सुनेचा.

स्टेनलेस स्टील आलं आणि हे सगळं एका पिढीत आटोपलं. जुनी पितळेची भांडी देऊन स्टीलचे डबे घेणाऱ्यांत आमच्या सगळ्यांच्या आया होत्या, आणि त्या घासाघीस करून, हसत घ्यायच्या. आता शैलाच्या सुनेने कसबा पेठेतल्या तांबट आळीतून पितळेची कढई आणलीय. कढई मिळाली, तिला कल्हई करून देणारा शोधायला मात्र चार फोन करावे लागले. मिळाला, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून शैलाच्या सासूबाई असत्या तर नक्की बोलल्या असत्या.

पावकी-निमकीवरून, म्हणजे अपूर्णांकांच्या पाढ्यांवरून, मी झटकन पुढे जाते, कारण ती आमच्यात फक्त दत्ताला येते आणि तो ती पूर्ण म्हणतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच करत साडेतिनाच्या औटकीपर्यंत. त्याच्या आजोबांनी छडीखाली पाठ करून घेतली होती. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असताना त्यावाचून दुकान चाललं नसतं. 1 एप्रिल 1957ला शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि औटकी अनाथ झाली. आजोबांना मात्र हे कोणी कळवलं नसावं.

पण खरी मजा जेवताना आली. शैलाने शेंगदाण्याची चटणी वाढली, दत्ताने बोटाने चाखली आणि डोळे मिटून म्हणाला, ‘छान आहे. पण पाट्यावरच्या चटणीची सर नाही. मिक्सर दाणे कापतो गं, पाटा रगडतो. तेल सुटतं ते रगडल्यावर.’

यात चूक काहीच नव्हतं. खरंच फरक पडतो.

‘तुमच्याकडे चटणी कोण वाटायचं?’ शैलाने विचारलं.

‘आई. नंतर ताई.’

‘आणि तू?’

‘मी चाखायचो की.’

मग मात्र आम्ही तिघींनी मिळून त्याला घेतला. पाट्यावर रोज वाटायचं म्हणजे उकिडवं बसायचं, खांद्यातून जोर लावायचा, मिरचीने बोटांची आग झाली तर तसंच लहान पोराला घ्यायचं. पाटा गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता घसरतो, म्हणून दारावरून ‘टाकीऽऽये’ अशी हाळी आली की बाईला बोलवायचं. ती छिन्नी-हातोडीने टकटक करत सगळ्या पाट्यावर बारीक खाचा पाडायची. त्यानंतरचं पहिलं वाटण टाकून द्यायचं, नाहीतर दाताखाली दगडाची कच. हे आम्हाला येत होतं. आमच्या आयांना आमच्याहून चांगलं येत होतं. आणि मिक्सर घरात आला त्या संध्याकाळी त्यांच्यापैकी एकीनेही पाट्याकडे वळून पाहिलं नाही. मंगलच्या मुलीने हौसेने छोटा पाटा ऑनलाइन मागवला होता. सध्या त्यावर मनीप्लँटची कुंडी आहे.

दत्ता बिचारा चटणीभाकरी खात गप्प राहिला. मला त्याची दया आली, कारण चव आठवणं हा काही गुन्हा नाही. फक्त ती ज्या हातांची होती, त्या हातांना दिवसाकाठी काय पडायचं हा हिशेब त्या चवीत कधी धरलेला नव्हता. फुकट मिळणारं कसब पहिल्या संधीला निघून गेलं यात नवल कसलं?

मंगलचं माहेर जळगावकडचं. वडील बदलीवर कराडला आले म्हणून ती आमच्या वर्गात आली. तिच्या आजोळी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते, अजून होते. कणीक सैल, तार सुटेपर्यंत तिंबलेली. गोळ्यात पुरण भरायचं आणि मग लाटणं नाही, पोळपाट नाही. या हातावरून त्या हातावर झुलवत पोळी कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. फाटली तर पुरण जळून खापराला चिकटतं आणि पुढच्या पोळ्या बिघडतात. मंगलला हे येत नाही. तिच्या आईला येत होतं, मामींना येतं.

‘पण मरायला लागलेलं नाही हं ते,’ मंगल म्हणाली. ‘मुंबईत वांद्र्याला महालक्ष्मी सरस भरतं ना, तिथे बचत गटांच्या बायका गर्दीसमोर मांडे, म्हणजे हीच खापरावरची पोळी, करतात. रांग लागते. मामीची धाकटी जाऊ लग्नानंतर शिकली, आता ऑर्डरी घेते.’

दत्ताचा चेहरा खुलला. मागे एका प्रदर्शनात त्याने खाल्ली होती म्हणे. ‘अप्रतिम! पण किंमत ऐकून मी एकच घेतली. पुरणपोळीला एवढे पैसे?’

मंगलने ताट बाजूला सारलं आणि बोटं मोजायला सुरुवात केली. डाळ, गूळ, वेलची, गहू ओलवून दळून आणणं, चुलीचं लाकूड, उन्हाळ्यात चुलीपुढे दुपारभर बसणं, भाजलेले हात. शेवटी तिने दत्तालाच विचारलं, ‘आता सांग, तुझ्या औटकीत किती होतात?’

हिशेब करता करता आकडा प्रदर्शनातल्या किमतीच्या वर गेला. तेव्हा असं ठरलं, की पुढच्या आखाजीला मामींच्या जावेकडून आम्हा सगळ्यांसाठी पोळ्या मागवायच्या, घासाघीस न करता. आमरस शैला करणार. पैसे दत्ता देणार. त्याने मान्य केलंय, फक्त डब्याचं भाडं वाटून घ्या म्हणतोय, त्यावर अजून चर्चा चालू आहे.