साताऱ्याहून विम्बल्डनच्या रांगेत: ग्राउंड पासच्या दौऱ्याचा वृत्तांत

2025 साली आषाढी एकादशी 6 जुलैला आली, आणि विम्बल्डन टेनिस स्पर्धेचा मधला रविवारही तोच. पंढरपुरात दर्शनबारी लागली होती तेव्हा लंडनच्या विम्बल्डन पार्कात गवतावर दुसरी बारी लागली होती. आपल्या भागातल्या माणसाला रांगेत रात्र काढण्याचे काही वाटत नाही, आणि नेमकी हीच सवय तिथे उपयोगी पडते. चार ग्रँड स्लॅमपैकी विम्बल्डन ही एकच स्पर्धा अशी, की आधी तिकीट नसलेल्या माणसासाठी रोज हजारो तिकिटे राखलेली असतात. ती मिळवायला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो.

बाकीच्या तिन्हींचा विचार थोडक्यात. ऑस्ट्रेलियन ओपन जानेवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात. ऊस तोडायचा राहिलेला माणूस मेलबर्नला जाणार कसा? फ्रेंच ओपन मे-जूनमध्ये, सुट्टीत बसते खरी, पण तिकीट नावावर असते, दारात पासपोर्ट ताडून पाहतात आणि चांगले दिवस ऑनलाइन विक्रीत झटकन संपतात. अमेरिकन ओपनच्या आड व्हिसाची मुलाखत आणि गणपती दोन्ही येतात. विम्बल्डन मात्र जूनअखेर ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, पेरण्या उरकल्यावर.

या दौऱ्यात जे अडते ते लंडनमध्ये कमी आणि साताऱ्यातच जास्त अडते. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे आणि फोटो पुण्याच्या केंद्रावर, आणि तिथून साधारण तीन आठवड्यांत निर्णय. म्हणजे मार्चअखेरीला कागद तयार हवेत. 2025 च्या एप्रिलपासून सहा महिन्यांच्या व्हिसाची फी 127 पौंड होती. नकार आला तर ती परत मिळत नाही.

नोकरदाराचे काम सोपे: पगाराच्या पावत्या, रजेचे पत्र, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट. शेतकऱ्याचे प्रकरण वेगळे. खात्यात वर्षभर किरकोळ उलाढाल आणि एक दिवस कारखान्याचे ऊसबिल चार-पाच लाख एकदम जमा. अर्ज तपासणाऱ्याला ऊसबिल ही चीज माहीत नसते. त्याला दिसते ते एवढेच, की अर्जाच्या तोंडावर कुणीतरी खात्यात पैसे टाकून दिले. नकाराचे हे ठरलेले कारण आहे. उपाय असा, की त्या नोंदीसोबत कारखान्याची बिलाची पावती जोडायची, मागच्या दोन हंगामांच्या पावत्याही जोडायच्या आणि एका परिच्छेदात लिहायचे की आमच्याकडे वर्षाचे उत्पन्न असेच टप्प्याने येते. सातबारा मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागते, आणि त्यावर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचे विधान हवे. नुसता नोटरीचा शिक्का मारून भागत नाही. दुसरी चूक म्हणजे व्हिसा यायच्या आधी न परतणारे विमान तिकीट काढणे. तारखांचा आराखडा दिला की पुरते.

मुंबई विमानतळ साताऱ्यापासून सुमारे 260 किलोमीटर. जूनअखेर खंबाटकी आणि खंडाळा या दोन्ही घाटांत पावसाने काय होईल सांगता येत नाही, म्हणून उड्डाणाच्या दहा-अकरा तास आधी घर सोडलेले बरे. सामानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा: कंदी पेढे. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, आणि पेढा म्हणजे निव्वळ खवा. तूपही नको. सांगलीचे भडंग, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि तेलावरचे धपाटे खुशाल न्या. रांगेत यांच्याइतके कामाचे दुसरे काही नाही. आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर इथूनच घ्या. पॉवर बँक केबिनच्या पिशवीत.

हीथ्रो विमानतळावरून ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, पिकॅडिली लाइनने अर्ल्स कोर्ट, तिथे वरच्या फलाटावर येऊन विम्बल्डनकडे जाणारी डिस्ट्रिक्ट लाइन, आणि उतरायचे साउथफील्ड्सला. नावाला भुलून विम्बल्डन स्टेशनवर जाणारे पुष्कळ असतात. रांगेसाठी साउथफील्ड्सच जवळ, पायी पंधरा मिनिटे. भाडे कार्ड टेकवून भरायचे, पण एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायको एका फोरेक्स कार्डावर जाऊ लागले तर दुसरा गेटवर अडकतो. मोठी बॅग आधी मुक्कामाच्या जागी टाका. मैदानात नेण्याच्या पिशवीची मर्यादा 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटर आहे आणि कॉलेजची सॅक बहुधा उंचीला जास्त भरते. घरीच टेप लावून बघा.

आता रांग. विम्बल्डन पार्क रोडने पाट्यांमागे चालत गेले की मैदान लागते. रांगेच्या शेवटी झेंडा धरून माणूस उभा असतो. तिथे प्रत्येकाला तारीख आणि क्रमांक छापलेले क्यू कार्ड मिळते. माणशी एक. मागून येणाऱ्या मित्रासाठी जागा धरणे चालत नाही, आणि स्टुअर्ड, म्हणजे रांग सांभाळणारे कर्मचारी, मधून मधून कार्डे तपासत फिरतात. कार्ड हरवले तर रांग गेली.

त्या क्रमांकावरच सगळे गणित. सेंटर कोर्ट, नंबर 1 आणि नंबर 2 या तीन मोठ्या कोर्टांची प्रत्येकी सुमारे 500 तिकिटे रांगेसाठी असतात. शेवटच्या चार दिवसांत मात्र सेंटर कोर्टाची रांगेत मिळत नाहीत. म्हणजे क्रमांक 500 च्या आत असेल तर सेंटर कोर्टाची आशा, 1500 च्या आत असेल तर कुठल्या तरी मोठ्या कोर्टाची, आणि त्यापुढे ग्राउंड पास, म्हणजे ही तीन सोडून बाकीच्या कोर्टांचे तिकीट. पहिल्या पाचशेत यायचे तर आदल्या दिवशीच येऊन तंबू ठोकायचा. तंबू दोन माणसांचाच चालतो. शेगडी, चूल काही नाही. रात्री दहानंतर गाणी बंद. शौचालय आणि पाणी आहे. रांग सोडून जायला अर्ध्या तासाची मुभा.

थंडीचा अंदाज इथेच चुकतो. दुपारी 24 अंश असले तरी पहाटे 12-13 पर्यंत उतरते आणि गवतावर दव इतके पडते की तळाखाली काही नसेल तर अंथरूण ओले. पावसाळ्यात घराच्या ओट्यावर लावतो तो प्लास्टिकचा कागद दोन मीटर घडी करून न्या. जड ताडपत्री नको. उलटेही होते: 2025 चा पहिला सोमवार 32 अंशांच्या वर गेला होता आणि पार्कात सावली मोजकीच. टोपी आणि रेनकोट दोन्ही हवेत.

जुलैत तिथे पावणेपाचला उजाडते. सहाच्या सुमारास स्टुअर्ड तंबू हलवून उठवतात, तंबू आवरून रांग पुढे दाबून घ्यायची. मग पुढच्या लोकांच्या मनगटावर कोर्टाप्रमाणे पट्टे बांधतात. आपल्याला कोणते कोर्ट हवे ते तेव्हाच सांगायचे. त्यामुळे आदल्या संध्याकाळी जाहीर झालेला सामन्यांचा क्रम बघून ठेवलेला असावा. तंबू सामानघरात ठेवायचा, तपासणी करून घ्यायची, पैसे कार्डाने. विम्बल्डनचे ॲप आणि त्यावरचे खाते घरून उघडून न्या. पार्कात सकाळी हजारो फोन एकाच वेळी चालू असतात, तिथे ओटीपीची वाट बघत बसणे म्हणजे शिक्षा. आपले सिम ओटीपी घेत असेल तर रोमिंग आधीच चालू करून ठेवा.

आता आमचे मत. दोन रात्रींच्या झोपेचे खोबरे करून सेंटर कोर्टाच्या मागे लागू नये. पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार ग्राउंड पास घ्यावा. 2025 मध्ये तो 30 पौंडांना होता, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. सेंटर कोर्ट त्याच्या तिपटीहून महाग. ग्राउंड पाससाठी तंबूही लागत नाही, पहिल्या ट्यूबने आले तरी बहुधा भागते. दारे दहाला उघडतात, बाहेरच्या कोर्टांवर खेळ अकराला सुरू होतो, सेंटर आणि नंबर 1 कोर्टावर दुपारी एक-दीडला. तेवढ्या वेळात बाहेर एखादा सामना संपलेलाही असतो. पुरुष आणि महिला एकेरीत प्रत्येकी 128 खेळाडू असल्याने पहिले दोन दिवस प्रत्येक कोर्ट भरलेले. बुधवारपासून दुहेरी, आणि भारतीय खेळाडू बघायचे तर ते बहुतेक तिथेच, लहान कोर्टांवर सापडतात.

मैदानात सामन्यांची एकूण 18 कोर्टे आहेत, पण 13 नंबरचे शोधू नका, ते नाही. 18 नंबरच्या कोर्टावर 2010 मध्ये इस्नर आणि माहूत तीन दिवस मिळून 11 तास 5 मिनिटे खेळले, शेवटचा सेट 70-68. आता निर्णायक सेट 6-6 झाला की दहा गुणांचा टायब्रेक, त्यामुळे तसे पुन्हा घडणार नाही. 14 ते 17 ही कोर्टे एकमेकांना चिकटून. तिथल्या पहिल्या बाकावर बसले की खेळाडूचे बूट गवतावर कचकचताना ऐकू येतात. दुहेरीत नेटजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो: आडवा धावणार की जागेवरच थांबणार. टीव्हीवर ते क्षणभर दिसते. इथे प्रत्येक सर्व्हिसआधी जवळून वाचता येते, आणि दोन गेममध्ये आपल्यालाही खुणा कळू लागतात. जागा मिळाली तर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागची घ्या, बाजूची नको. मागून सर्व्हिस कशी वळते आणि चेंडू गवतावर किती खाली राहतो ते दिसते. गवत 8 मिलिमीटर उंचीचे, शंभर टक्के राय जातीचे. पहिल्या दोन दिवसांत ते ओलसर आणि निसरडे असते, म्हणून खेळाडू घसरून पडतात. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनजवळ नुसती माती उरते.

सेंटर कोर्ट बघायचेच असेल तर दुपारी तीनच्या सुमारास ॲपवर फेरविक्रीच्या रांगेत नाव घाला. लवकर घरी निघालेल्यांची तिकिटे 10 ते 15 पौंडांना पुन्हा विकतात, पैसे दानधर्माला जातात. पाचच्या पुढे नंबर लागतो, आणि छपराखाली रात्री अकरापर्यंत खेळ चालू शकतो. पावसाच्या दिवशी मात्र हा डाव फसतो, कारण छपराखालचा खेळ सोडून कोणी उठत नाही.

खाणे सोबत नेता येते. स्ट्रॉबेरी-क्रीमची वाटी 2025 मध्ये 2.70 पौंडांना होती. आत एवढीच गोष्ट स्वस्त. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाल्लेल्यांनी एकदा घ्यावी, दुसऱ्यांदा गरज नाही.

बाहेरच्या कोर्टांवर दिवे नाहीत. नऊच्या सुमारास उजेड कमी झाला की अर्धवट सामना दुसऱ्या दिवसावर जातो आणि सगळी गर्दी एकदम साउथफील्ड्सकडे वळते. त्याआधी अर्धा तास सामानघरातून तंबू काढून घ्या. स्टेशनवर उतरताना कार्ड टेकवायला विसरू नका, नाहीतर त्या फेरीचे जास्तीत जास्त भाडे कापले जाते.