हार्टलपूल, मुंबईचं जहाज आणि न फुटणारी बिस्किटं

इंग्लंडमध्ये आमच्या लीड्सहून हार्टलपूल दीडेक तास. मुलांना जहाज बघायचं होतं आणि मला ते मुंबईत बांधलेलं जहाज बघायचं होतं, एचएमएस ट्रिंकोमाली, वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलं, 1817 साली पाण्यात उतरवलं आणि अजून तरंगतंय! लेक खांबाला हात लावून म्हणाली, आई, हे आपलंय? म्हटलं, लाकूड आपलं, सुतार आपले, जहाज मात्र इंग्रजांचं.

खालच्या डेकवर वाकून फिरताना लेकाचा एकच प्रश्न, हे लोक खायचे काय. मग काय, संध्याकाळी भाड्याच्या घरात आमचा प्रयोग सुरू. त्या काळी नेव्हीत खलाशाला दिवसाला साधारण 450 ग्रॅम कडक बिस्किटं मिळायची, म्हणजे फक्त पीठ आणि पाणी. पुरीपेक्षा घट्ट मळायचं (लेकाचे हात दुखले, मग मीच मळलं), जाड लाटून काट्याने टोचे मारायचे, आणि मंद ओव्हनमध्ये तीन तास. टोचे नाही मारले तर फुगतं, आणि आत ओल राहिली की बुरशी. धाकटीने टोचे मारत स्वतःचं नाव काढलं.

सोबत पीज पुडिंग, ते इकडच्या भागात अजूनही विकत मिळतं. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून घोटलेली. लेकाने डबा उघडला आणि म्हणाला, हे तर पिठलं! खरंच तसंच दिसतं हो, फक्त फोडणी नाही. मी गुपचूप जिरं-हिंगाची घातली, खलाशांची माफी मागून.

त्यांना सोमवार, बुधवार, शुक्रवार मांस नसायचं, त्या दिवसांना म्हणायचे 'बनियन डे'. मुलं हसून लोळली, त्यांना बाबांचा गंजीफ्रॉक आठवला. पण दोन्ही शब्द एकाच घरचे, मांस न खाणाऱ्या आपल्या बनिया व्यापाऱ्यांवरून आलेले. आज्जीचा सोमवार ब्रिटिश नेव्हीतपण होता म्हणजे, असं लेकाने जाहीर केलं.

बिस्किटाला कीड लागायची म्हणून खलाशी ते आधी टेबलावर आपटायचे, हे सांगायला नको होतं. अर्धा तास नुसती ठकठक, शेवटी खालच्या मजल्यावरून छतावर ठोकल्याचा आवाज आला. चहात बुडवलं तरी पाच मिनिटं ढिम्म. पिठल्यात, सॉरी, पुडिंगमध्ये भिजवून मात्र दोघांनी एकेक संपवलं.

नाव लिहिलेलं बिस्किट धाकटी घरी घेऊन आलीये. खिडकीत ठेवलंय, तीन आठवडे झाले, जसंच्या तसं.