क्रेन स्टाईल लॉग, महिना तिसरा: झाड एक नाहीये, दोन आहेत

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात म्हटलेलं ना की सगळ्या क्रेन स्टाईल्सचा (म्हणजे क्रौंच पक्ष्यावरून आलेल्या कुंग फूच्या शैलींचा) एकच वंशवृक्ष काढतो, तो कागद काल फाडला. (घरी आई त्याला 'बगळ्याचं खूळ' म्हणते, क्रौंच वेगळा बगळा वेगळा हे सांगून थकलो.)

दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतातल्या योंगचुनची व्हाइट क्रेन म्हणजे फांग छिनियांगची दंतकथा, १७वं शतक, पोरगी काठीने क्रौंचाला हाकलायला जाते, पक्षी पंखाने काठी चुकवतो नि चोच मारतो, मग ही त्याच्याकडूनच शिकते. तिथून पुढे फ्लाइंग, क्रायिंग, स्लीपिंग, फीडिंग, शेकिंग अशा शाखा. हात आखूड, काम अंगालगत. आता मी येडा, तिबेटन व्हाइट क्रेन सहावी फांदी म्हणून इथेच लटकवलेली! तिचं गोत्रच वेगळं. कथा लामांपर्यंत जातात, रुजली शेजारच्या क्वांगतुंग प्रांतात, आणि हात गोफणीसारखे लांबून फिरतात. १९५४ची मकाऊची मॅच बघा, ताई चीचे वू गोंगयी विरुद्ध या स्टाईलचे चॅन हाक-फू, विजेता कोणीच जाहीर झाला नाही पण हात कसे येतात ते लगेच कळतं.

योंगचुनकडून विंग चुन या दुसऱ्या कुंग फू शैलीकडे काढलेला बाण पण खोडून तुटक रेघ केली. योंगचुन गावाचं नाव आणि विंग चुन, दोन्हीतलं पहिलं अक्षर चिनीत वेगळं आहे, मी नुसत्या उच्चारावर गेलो. हुंग गार या आणखी एका कुंग फू शैलीचा टायगर-क्रेन फॉर्म सध्या बाजूला ठेवलाय, त्याला आख्खा महिना लागेल.

आता प्रॅक्टिस. मी गोजू-र्यू कराटेवाला, म्हणजे आमची सांचिन (ठरलेल्या हालचालींचा काता) हिगाओन्ना कानर्यो फुजियानमधल्या फुझोहून शिकून आले त्या लाइनची, मुठी बंद. उएची-र्यू कराटेचे उएची कानबुन १८९७ला तिकडेच गेलेले, त्यांच्या स्टाईलमध्ये हात उघडे. म्हणून या आठवड्यात गच्चीवर रोज उघड्या हाताने केली आणि गंमत म्हणजे मूठ वळली की माझा खांदा वर चढतो, बोटं सरळ ठेवली की कोपर आपोआप खाली बसतं, तीन वर्षं सेन्सेई ओरडतायत ते हेच बहुतेक.

शेकिंग क्रेनचं पण ट्राय केलं, कुत्रं अंगावरचं पाणी झटकतं तसा झटका कमरेतून हातापर्यंत जायला पाहिजे. माझी नुसती मान हलली. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, म्हणाल्या, "काय रे, अंगात आलं का?"