स्किप्टन: बाजाराचा वार बघून जावं असं गाव

लीड्स स्टेशनवरून एअरडेल मार्गावरची विजेची लोकल पकडली की साधारण पाऊण तासात स्किप्टन येतं. इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधलं हे गाव डोंगराळ यॉर्कशायर डेल्सच्या दक्षिण वेशीवर आहे. नावाचा अर्थच मेंढ्यांचं गाव. स्टेशनपासून हाय स्ट्रीट दहा मिनिटांच्या चालीवर. गाडी आणायची गरज नाही, उलट बाजाराच्या दिवशी ती अडचणच होते.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. लीड्सहून दिवसभरासाठी येणारे नेमका मंगळवार किंवा गुरुवार निवडतात आणि रिकामा रस्ता बघून परततात. इथे बाजारासाठी वेगळा चौक नाही, हाय स्ट्रीट हाच बाजार. दुकानं आणि रस्ता यांच्यामधल्या दगडी फरसबंदीवर दुतर्फा पाल ठोकले जातात. एरवी तिथे गाड्या उभ्या असतात. किंग जॉनने १२०४ मध्ये दिलेल्या सनदेपासून ही परंपरा चालत आली आहे. सकाळी दहाच्या सुमारास पोचावं. दुपार कलली की आवराआवर सुरू होते. पावसात हे दगड फार निसरडे होतात, म्हणून रबरी तळाचे बूट हवेत.

खाण्यात पोर्क पायचं, म्हणजे पिठाच्या भाजलेल्या पारीत भरलेल्या डुकराच्या मांसाचं, नाव मोठं. शाकाहारींनी चीज आणि कांद्याचा पाय मागावा, पण तो चरबीत मळलेला नाही ना, हे विचारून घ्यावं. वेन्स्लीडेल चीज फ्रूटकेकच्या तुकड्याबरोबर खातात आणि ही जोडी खरंच जमते. काही चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजतात, तेव्हा शाकाहारी रेनेटचं कुठलं ते विचारायला संकोचू नये. कर्ड टार्टमध्ये अंडं असतं.

रस्त्याच्या वरच्या टोकाला होली ट्रिनिटी चर्च आणि शेजारी किल्ला. दरवाजावर क्लिफर्ड घराण्याचं ब्रीद दगडात कोरलंय: ‘देझोर्मे’, म्हणजे ‘यापुढे’. इंग्लंडमधल्या राजा विरुद्ध पार्लमेंट या यादवी युद्धात या किल्ल्याने राजाच्या बाजूने तीन वर्षं वेढा सोसला आणि डिसेंबर १६४५ मध्ये शरण गेला. पुढे पार्लमेंटच्या हुकमाने छपरं उतरवली. याच घराण्यातल्या लेडी अ‍ॅन क्लिफर्डने तो पुन्हा उभारला, पण छपरावर तोफ पेलता येऊ नये, अशा बेताने. म्हणून बुरुजांच्या भिंती बघताना खालची जाडी आणि वरची जाडी ताडून पाहा. कंड्युइट कोर्ट या आतल्या चौकातलं यू नावाचं सदाहरित झाड तिनेच १६५९ मध्ये लावलं, अशी नोंद आहे. आपल्याकडचे उघडे, ढासळलेले किल्ले पाहायची सवय असलेल्याला इथे छपरासकट स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि तळघरातली कोठडी बघायला मिळते. दीड तास तरी हाताशी ठेवावा.

किल्ला बाहेरून बघायचा तर कालव्यावरून. लीड्स-लिव्हरपूल कालवा १२७ मैलांचा. त्याची स्प्रिंग्ज ब्रँच नावाची छोटी फाटा-शाखा थेट किल्ल्याच्या कड्याखालून जाते. वरच्या खाणीतला चुनखडीचा दगड बोटींत भरायला ती खोदली. नावा ओढणाऱ्या घोड्यांची वाट आता पायवाट झाली आहे. तिथून मान वर केली की कडा आणि भिंत एकच वाटतात. तिकीट नाही, गर्दीही नाही. माझ्या मते गावातलं सर्वांत सुंदर दृश्य हेच.

टाउन हॉलमधल्या क्रेव्हन म्युझियममध्ये शेक्सपिअरचा १६२३चा फर्स्ट फोलिओ, म्हणजे त्याच्या नाटकांचा पहिला संग्रह, मांडलेला आहे. प्रवेश मोफत.

कालव्याच्या धक्क्याजवळ यॉर्कशायरचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमनचा गोलंदाजी करतानाचा ब्राँझचा पुतळा आहे. मराठी माणसाने इथे थांबायलाच हवं. १९५२ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या शून्यावर चार बाद होती. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. यातले तिघे पदार्पणाची कसोटी खेळणाऱ्या ट्रूमनने टिपले. कर्णधार विजय हजारे आणि दत्तू फडकर यांनी मग डाव सावरला.

ट्रूमनचं दफन जवळच्या बोल्टन अ‍ॅबी या जुन्या मठाच्या गावी आहे. तिथे जाणार असाल तर वेगळा दिवस ठेवा. स्किप्टनशेजारच्या एम्बसे गावाहून वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, पण रोज नाही, वेळापत्रक आधी बघा. अ‍ॅबीच्या मागे वॉर्फ नदीतले पायदगड पाणी चढलं की बुडतात, तेव्हा पुलावरून जा. वरच्या अंगाला स्ट्रिड येथे अख्खी नदी अरुंद खडकात शिरते. उडी मारून ओलांडता येईल असं वाटतं, पण कडा आतून पोखरलेल्या आहेत आणि पडलेला माणूस वर येत नाही. मुलांचा हात सोडू नका.