तुम्ही विचारलंत म्हणून: नऊ मार्चला काय होतं?

"महिला दिनाची दौड पळून काय होतं हो? टी-शर्ट, पदक, फोटो, आणि नऊ मार्चला परत पांघरुणात!" भिशीत, लग्नात, अगदी दळण न्यायला गेले तरी कुणीतरी हे विचारतंच.

बहुतेकींचं तसंच होतं, नाकारत नाही. मोठ्या स्पर्धा बघून तर त्याहून कमी फरक पडतो. आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सोफ्यावर बसून, चिवडा खात. हरमनप्रीतच्या संघाने 2 नोव्हेंबर 2025 ला विश्वचषक घेतला, तेव्हा सोसायटीतल्या पोरी आठवडाभर पार्किंगमध्ये बॅट फिरवत होत्या. मग एका गाडीचा आरसा फुटला. बॅट माळ्यावर गेली.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आमची पाच किलोमीटरची दौड पाऊण तासात संपते, तीही रडतखडत. तेव्हा एका दिवसाचा हिशोब मांडूच नका.

माझ्या बाबतीत काम केलं ते दौडीआधीच्या सहा आठवड्यांच्या सरावाने. त्याआधी "फिरायला जाते" म्हटलं की सासूबाई विचारायच्या, "आणि डबे?" फी भरल्यावर "आठ तारखेला पळायचंय" म्हटलं, तर त्यांनीच कणीक मळून ठेवली. फिरणं म्हणजे चैन, पण पैसे भरलेली दौड म्हणजे काम! हा घरोघरचा न्याय मला आजही पटत नाही. फायदा मात्र पुरेपूर घेतला.

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आम्ही अकरा जणी जमायचो. कुणी पंजाबी ड्रेसवर बूट घातलेले, कुणी ओढणी कमरेला खोचलेली. दौडीच्या दिवशी पाणी संपलेलं, टी-शर्ट सगळे एकाच मापाचे. माझा गुडघ्यापर्यंत आला, अजून झोपताना घालते.

नऊ मार्चला पहाटे 5:40 ला मिस्ड कॉल आला. वरच्या मजल्यावरची. मी उचलला नाही. दहा तारखेला परत आला. अकरा तारखेला मी चपला शोधत खाली गेले, कारण ती गेटपाशी एकटीच उभी असलेली खिडकीतून दिसली.

याला सात वर्षं झाली. अकरातल्या चौघी उरलोय. कॉल अजून 5:40 लाच येतो, उचलायचा नसतो, नुसतं उठायचं असतं. तुमचा नंबर देऊन ठेवा.