कसा आहे हो?

मे महिन्यातली दुपार. बाराचा शो सुटला की कोथरूडमधल्या मल्टिप्लेक्सपासून थोडं पुढे असलेल्या रसवंतीत झुंबड उडते. रसवंतीचं नाव अर्थातच कानिफनाथ. पुण्यातल्या बऱ्याचशा रसवंत्या याच नावाच्या, मालक मूळचे पुरंदरातले, बोपगावकडचे. मी हातात भाजीची पिशवी घेऊन घरी चालले होते, पण ऊन असं होतं की पाय आपोआपच आत वळले. समोरच्या बाकावर एकच सिनेमा, एकाच रांगेत बसून बघून आलेली चार माणसं होती. सिनेमा त्याचा. नाव सांगत नाही. दर उन्हाळ्यात कुणा ना कुणा 'त्याचा' सिनेमा येतोच, तुमचा जो असेल तो धरून चाला.

"पैसा वसूल," मुलगा म्हणाला.

"पहिला अर्धा तास कापायला हवा होता," त्याचे वडील.

"एसी मात्र झकास होता हो," ही आई.

आत्याबाई रुमालाने गळा पुसत होत्या. "मला तर आवडला बाई. शेवटी तो रडतो ना, तेव्हा मला अगदी भरून आलं."

"आत्या, तो हसत होता तेव्हा."

आत्याबाईंवर याचा काहीही परिणाम झाला नाही. हसत असेल तर रडू दाबून हसत असेल, असं त्यांनी सांगून टाकलं आणि बिनबर्फाचा रस मागवला. रसवंतीवाल्याने चिपाड दुमडलं, मधे लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा खोचला आणि तिसऱ्यांदा चरकात सारलं. चरकाचे घुंगरू वाजत होते तोवर सगळे गप्प. नंतर तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "चालणार हा." तुम्ही पाहिलात का, विचारलं तर म्हणाला, "आपण कुठं जातो? पण गिऱ्हाईक भांडतंय ना. पिक्चर पडणार असला की लोक गपगुमान रस पितात आणि गाडीला किक मारतात."

मला त्याचा हेवाच वाटला. कारण सिनेमाला जायचं ते निम्मं या बोलण्यासाठीच, असं माझं मत आहे. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा शेजारचीला त्यात काय दिसलं, हे मला जास्त ऐकायचं असतं. माझी एक खोड आहे. सिनेमाच्या आधी बराच वेळ जाऊन आधीचा शो सुटताना उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघायचे. मुलीला याची भयंकर लाज वाटते. "आई, ट्रेलर बघितलास, रिव्ह्यू वाचलास, तिकिटं काढून झालीत. आता या लोकांच्या तोंडाकडे काय बघतेस?"

काय बघणार! आता बघायला काही उरलेलंच नाही. मल्टिप्लेक्समध्ये आत जाणारे एका बाजूने जातात आणि बाहेर पडणारे मागच्या जिन्याने थेट पार्किंगमध्ये उतरतात. दोघांची गाठच पडू नये असा बंदोबस्त. ज्याला कुणाला हे सुचलं, त्याने कधी लक्ष्मी रस्त्यावर विजय टॉकीजच्या रांगेत उन्हात उभं राहून तिकीट काढलेलं नसणार.

आम्ही काढलंय. म्हणजे मामाने काढलंय, आम्ही रांगेत लुडबुड केली आहे. सुट्टीत मामाकडे नारायण पेठेत सगळी भावंडं जमायची. दिवसभर पत्ते, आंबे आणि मारामाऱ्या. शेवटी मामी कंटाळून म्हणायची, "अहो, यांना घेऊन जा कुठेतरी." मराठी असेल तर प्रभात, म्हणजे आताचं किबे लक्ष्मी. हिंदी असेल तर विजय, नाहीतर पार नीलायमपर्यंत पायपीट. इंग्रजीसाठी अलका, पण तिथे मामा एकटाच जायचा आणि काय पाहिलं ते सांगायचा नाही. बारा, तीन, सहा, नऊ हे खेळ घड्याळापेक्षा पक्के होते. तीनच्या खेळाला आम्ही अडीचलाच हजर. खिडकीवर लोखंडी गजांची रांग, त्यात माणसं कोंबलेली, बाहेर हळू आवाजात बाल्कनीचा भाव सांगत फिरणारा ब्लॅकवाला. आणि मग बाजूची दारं धाडकन उघडायची.

आतून पहिल्यांदा गार, कुबट वाऱ्याचा झोत यायचा. मग माणसं. अंधारातून एकदम उन्हात आल्यामुळे सगळ्यांचे डोळे मिचमिचलेले, एकजण चप्पल शोधतोय, एकीच्या कडेवरचं पोर झोपलेलं. मामा त्यांच्यावर नजर लावून उभा असायचा. बायकांचे डोळे लाल असले की, "चला, मामीला पुढच्या आठवड्यात आणायला हरकत नाही." कॉलेजची पोरं कॉलर वर करून निघाली की, "फायटिंग बरी दिसतेय." सगळेच खाली मान घालून भराभरा सायकल स्टँडकडे निघाले तर मामाचा चेहरा पडायचा. तरी तो एखाद्या अनोळखी माणसाला गाठून विचारायचाच, "कसा आहे हो?" आणि तो माणूस, ज्याच्याशी आपली ओळख ना पाळख, थांबून उत्तर द्यायचा. "इंटरव्हलनंतर पकड घेतो." "गाण्यांच्या वेळी बाहेर जा." एका गृहस्थांनी मामाच्या हातातल्या तिकिटांकडे बघितलं, आम्हा पोरांकडे बघितलं आणि "असू दे, सुट्टी आहे" एवढंच बोलून ते निघून गेले. तो सिनेमा खरोखरच तसा होता.

तेव्हा अशा मतांवर सिनेमा जगायचा. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव, आणि एवढे आठवडे काही नुसत्या पोस्टरवर निघत नाहीत. 'शोले' 1975 च्या पंधरा ऑगस्टला लागला तेव्हा धंद्यातल्या जाणकारांनी त्याच्यावर आधी काटच मारली होती. मग बघून आलेली माणसं एकमेकांशी बोलली आणि तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं हलला नाही. आता आठवडे कुणी मोजत नाही, कोटी मोजतात. शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी लोकांनी तोंड उघडेपर्यंत हिशेब मिटलेला असतो. परवा रिक्षावाल्याला सहज विचारलं, तर त्याने आकडाच सांगितला. अहो पण आवडला का? म्हणाला, "बघायचाय अजून."

पण मामाच्याही वरचढ मत ठरलं ते काकाचं. काका जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याला होता. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर मारायचं काम निघालं, त्यात त्याची नोकरीची उमेदीची वर्षं गेली. इंदापूर, दौंड, बारामती, जिथे सांगतील तिथे जीप, रिग आणि हापसा. आमच्या घरात प्रत्येकजण सिनेमा आपापल्या नोकरीतून बघतो. मावशी ससूनमध्ये सिस्टर होती, ती "सलाइन बघ कुठं टोचलंय" म्हणून मरणाच्या प्रसंगात हसते. एसटीतून निवृत्त झालेले मामेसासरे पाठलागात फक्त गिअर बघतात. काका मात्र कधी काही बोलायचा नाही. 15 जून 2001 पर्यंत.

त्या शुक्रवारी 'लगान' आणि 'गदर' एकाच दिवशी लागले आणि घर उभं दुभंगलं. तसा उन्हाळा सरत आला होता, शाळेची वह्या-पुस्तकं आणून झाली होती, पण त्या दोन सिनेमांनी सुट्टीचा गोंधळ जुलैपर्यंत ओढला. आत्या, मावशी आणि मी लगानच्या बाजूने, दिग्दर्शक गोवारीकर आपला म्हणून आत्याला तर विशेष जोर. चुलतभाऊ आणि मामा गदरवाले. ते म्हणायचे, तुमचा सिनेमा म्हणजे चार तास क्रिकेट, तेही टीव्हीवर फुकट दिसतं. आम्ही म्हणायचो, तुमचा म्हणजे नुसती आरडाओरड. पुढे आमचा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला आणि त्यांच्याने गल्ला जास्त भरला, म्हणजे दोन्ही बाजूंना मरेपर्यंत पुरेल एवढा दारूगोळा मिळाला.

काकाने दोन्ही पाहिले. रात्री जेवताना त्याला सगळ्यांनी घेरलं. काका, तुम्हीच सांगा. काकाने भात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "हापसा असा उपटत नाही."

'गदर'मध्ये सनी देओल पाकिस्तानात हापसा उपटतो तो प्रसंग. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं आणि आमचा काका पाइप मोजत होता. "अरे, वर कट्टा असतो काँक्रीटचा. खाली शंभर-शंभर फूट पाइप, त्यात रॉड, टोकाला सिलिंडर. एक हापसा दुरुस्तीला वर काढायचा तर चार माणसं, तिपाई आणि साखळी लागते. आणि त्यातून आपला हा काळा पाषाण!" चुलतभाऊ म्हणाला, काका, तो राग आहे, त्याच्या रागाकडे बघा. काका म्हणाला, "रागाने पाइप निघत असते तर मला माणसं मागायची गरज नव्हती."

त्यानंतर घरात कुठल्याही सिनेमाचं कौतुक फार लांबलं की कुणीतरी म्हणायचं, "पण हापसा?" आणि विषय संपायचा. टीव्हीवर तो सिनेमा रविवार दुपारी लागतच राहिला. ज्यांनी त्याला नावं ठेवली होती ती आत्या, मी, आम्ही सगळ्या तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला लागलो. "आता बघ, आता तो बोलतो" असं एकमेकींना सांगायलाही लागलो. हे कधी झालं कोण जाणे. माणूस सिनेमाला शिव्या दिलेल्या विसरतो, की त्या दिल्या म्हणूनच तो सिनेमा आपला होतो? जाऊ दे. काका मात्र तो प्रसंग आला की उठून पाणी प्यायला जायचा.

शेवटच्या आजारपणात काकाला उठता येईना. मी दुपारी जाऊन बसायचे. टीव्ही आपला चालू असायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. एकदा तोच सिनेमा लागला आणि हापसा जवळ यायला लागला तसा मी रिमोट शोधू लागले. "राहू दे," काका म्हणाला. पूर्ण बघितला त्याने तो प्रसंग. जाहिराती लागल्या. बराच वेळ तो छताकडे बघत होता, मला वाटलं डोळा लागला.

"अगं, तिकडे पाणी वरच असतं," तो म्हणाला. "गाळाची जमीन ना ती. पंजाब, लाहोर, सगळी नदीची माती. पाइप फार तर वीस फूट. आणि त्या काळी कट्टा कुठला काँक्रीटचा."

"म्हणजे निघेल?"

"एकट्याने जरा जड जाईल," काका म्हणाला. "पण निघेल."