प्लेगनं नाही, मेंढरांनी

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वॉरम पर्सी या ओसाड मध्ययुगीन गावाचे फोटो दाखवले की हमखास प्रश्न येतो: "प्लेगनं ओस पडलं का हो हे गाव?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाही. १३४८-४९च्या साथीत माणसं मेली, पण गाव उठलं नाही. पुढं दीडेकशे वर्षं तिथं चुली पेटत होत्या. मात्र साथीनंतर मजूर मिळेनात, मजुरी वाढली आणि लोकरीला चांगला भाव होता. नांगरटीला घरंच्या घरं राबावी लागतात, कुरणाला एक मेंढपाळ पुरतो. १५००च्या सुमारास जमीनदारानं उरलीसुरली कुळं उठवली आणि मेंढरं सोडली. १५१७च्या सरकारी चौकशीत चार नांगर थांबल्याची, चार घरं पडल्याची नोंद आहे. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. मला तोच शब्द इथं नेमका वाटतो.

हे कळलं ते मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या चिकाटीमुळं. एक इतिहासकार, दुसरे पुरातत्त्वज्ञ. १९५० ते १९९०, दर उन्हाळ्यात खोदकाम. अरुंद चर खणून काही उमगेना, कारण घरं जुजबी बांधणीची, त्याच जागेवर पुन्हापुन्हा उभारलेली. मग त्यांनी अख्खं घर आणि भोवतालचं अंगण थराथरानं उघडायला घेतलं. मध्ययुगीन खेड्याचं उत्खनन इंग्लंडमध्ये असं करायचं असतं, हे या गावानं शिकवलं.

माझं मन मात्र अडकतं ते चर्चच्या आवारात सापडलेल्या सुमारे ७०० सांगाड्यांपाशी. चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढी. आणि हाडांच्या रासायनिक तपासणीतून दिसलं की लेकरं साधारण दीड वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत होती. त्या आयांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, पण हे एवढं मात्र टिकलं.

जाल तेव्हा ऐन दुपारी जाऊ नका, नुसतं गवत दिसेल. ऊन कललं की एकेक उंचवटा सावली टाकतो. मग घरं दिसतात, मागची परसं दिसतात, मधून जाणारी वाट दिसते. मी दर वेळी त्या वाटेनंच चालते. घरांवरून पाय टाकत जाणं मला जमत नाही.